वजन घटविण्याची शस्त्रक्रिया : एका प्रशासकाचा अनुभव आणि अभ्यास

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात ताळेबंदापूर्वी एक आरोग्यविषयक अभ्यासलेख देण्याची प्रथा आहे. आजवर हे लेख मानद वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लिहिले. यंदा विश्वस्त मंडळाने हे काम आमच्यावर सोपविले. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आयुष्य खतावणी आणि पावतीपुस्तकांत गेले. तरीही हा विषय निवडण्याचे कारण असे की, तो आमच्या स्वतःच्या देहावर घडलेला आहे. या लेखापुरते ‘आम्ही’ म्हणजे प्रस्तुत लेखकच समजावे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये सांगली भागातील एका रुग्णालयात आमच्यावर वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झाली. त्यावेळी उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन १२१ किलो होते. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो त्यास बॉडी मास इंडेक्स म्हणतात. आमचा तो जवळजवळ ४३ होता. सोबत मधुमेह होता, रक्तदाब होता, आणि झोपेत श्वास अडखळण्याचा विकार होता. साताऱ्यातील राहत्या घराचा एक जिना चढताना आम्ही मध्येच थांबत असू आणि कोणी पाहिल्यास खिशात किल्ली शोधत असल्याचा बहाणा करीत असू.

लठ्ठपणा म्हणजे केवळ अतिखाणे, ही आपल्याकडील समजूत फार जुनी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २००४ साली एक छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यात ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के भरले. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहातही चरबी अधिक असू शकते. म्हणूनच भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा पाश्चात्त्यांप्रमाणे ३० वर न धरता २५ वर धरावी, असे तज्ज्ञांनी ठरविले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष या २५ च्या आकड्यावर किंवा त्यापुढे आढळले. तेव्हा हा विषय चार श्रीमंत घरांपुरता राहिलेला नाही.

आमच्यावर झालेली शस्त्रक्रिया गॅस्ट्रिक बायपास या प्रकारची होती. अमेरिकेत डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६०च्या दशकात तिचा पाया घातला. दुर्बिणीद्वारे जठराचा वरचा लहानसा भाग वेगळा करून त्याची सुमारे ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी, पिशवी करतात आणि ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. बाकीचे जठर जागेवरच राहते, परंतु अन्न त्याला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वगळून पुढे जाते. दुसरा प्रचलित प्रकार स्लीव्ह. त्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढूनच टाकतात. दोन्हींत पोट लहान होते एवढेच नव्हे, तर भुकेचे व साखरेचे नियमन करणाऱ्या संप्रेरकांत बदल होतो. वजन उतरण्याच्या आधीच आमच्या मधुमेहाच्या गोळ्या कमी कराव्या लागल्या, त्याचे कारण हेच.

घरी विरोध होता. २०१७ साली मुंबईत शस्त्रक्रियेसाठी आणलेल्या इजिप्तच्या इमान अहमद यांची हकीकत वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचली होती आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत त्यांचे निधन झाल्याचेही. सर्वसाधारण रुग्णाशी त्या प्रकरणाची तुलना होत नाही, हे समजावणे सोपे नव्हते. आम्ही स्वीडनमधील दीर्घ अभ्यासाचा आधार घेतला. १९८७ पासून चाललेल्या त्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण, शस्त्रक्रिया न झालेल्या तशाच रुग्णांपेक्षा कमी असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. आकडेवारीने आमचे समाधान झाले. आईचे झाले नाही. तिने गणपतीला नवस बोलला आणि विषय संपविला.

खर्च आम्हीच केला, कारण त्या काळच्या आमच्या विमा पॉलिसीत लठ्ठपणावरील उपचार वगळलेले होते. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये याविषयी प्रमाणित शब्दयोजना ठरवून दिली. तीनुसार १८ वर्षे पूर्ण झालेल्या आणि इतर उपचार निष्फळ ठरलेल्या व्यक्तीचा इंडेक्स ४० वा अधिक असल्यास, किंवा ३५ वा अधिक असून सोबत हृदयविकार, तीव्र निद्राश्वसनविकार वा आटोक्यात न येणारा मधुमेह असल्यास, डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेली शस्त्रक्रिया या वगळणुकीत येत नाही. पॉलिसीतील प्रतीक्षाकाळाची अट मात्र वाचून पाहावी.

पहिले दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ. धाकट्या बहिणीच्या सांगलीतील घरी आम्ही राहिलो. ती वाटीत वरणाचे पाणी देई आणि आम्ही ते चमच्याने अर्धा तास पुरवीत असू. जेवताना पाणी प्यावयाचे नाही, घास बारीक चावावयाचा, प्रथिने रोज साठ ग्रॅमच्या खाली जाऊ द्यावयाची नाहीत. शाकाहारी माणसास ही शेवटची अट जड जाते. मटकी, ताक आणि पनीर यांवर आम्ही ती निभावली. चौथ्या महिन्यात केस गळले, नंतर आलेही. साताऱ्यात पाहुण्यांसमवेत भिडेखातर एक कंदी पेढा खाल्ला, तर वीस मिनिटांत दरदरून घाम सुटला, छाती धडधडू लागली, आडवे व्हावे लागले. साखर एकदम आतड्यात उतरल्याने असे होते. तो पेढा शेवटचा ठरला. वर्षभरात वजन ८२ किलोवर आले.

इथवरची हकीकत आम्हांस यशाची वाटत होती. यापुढील भाग मात्र आमच्या चुकीचा आहे, आणि हा लेख त्यासाठीच लिहिला आहे.

शस्त्रक्रियेची गोष्ट आम्ही लपविली होती. कार्यालयात ‘हर्नियाचे ऑपरेशन’ असे सांगितले. पुरुषाने, तेही रुग्णालयाच्या प्रशासकाने, वजनासाठी पोट कापून घ्यावे, याची लाज वाटली. सप्टेंबर २०११ मध्ये नितीन गडकरी यांच्यावर मुंबईत अशीच शस्त्रक्रिया झाली, ती उघडपणे झाली आणि वृत्तपत्रांतून छापून आली. आमच्या ठायी तेवढे धैर्य नव्हते. लपविण्याचा परिणाम असा झाला की, पुढची तपासणी केव्हा आहे, हे विचारणारे बहिणीखेरीज कोणीच उरले नाही.

पहिल्या तीन तपासण्या वेळेवर झाल्या. चौथी ऑगस्ट २०१९ मध्ये होती. त्या आठवड्यात कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी ५७ फुटांपर्यंत चढले, निम्मे शहर पाण्यात गेले. बहिणीच्या घराचा तळमजला बुडाला. तपासणीचा प्रश्नच नव्हता. पूर ओसरल्यावर आम्ही नवी तारीख घेतली नाही. नोव्हेंबरात कार्यालयीन कामाचे निमित्त झाले. मार्च २०२० पासून करोनाने सर्वांचेच दैनंदिन व्यवहार थांबविले. प्रकृती उत्तम होती, जिना एका दमात चढत होतो. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आधी अनियमित झाल्या, मग बंद पडल्या. बहीण फोनवर म्हणे, “दादा, यंदाही तपासणीला आला नाहीस ना?” आम्ही पुढच्या महिन्याचा वायदा करीत असू.

२०२१ च्या पावसाळ्यात पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. हळूहळू असे झाले की, चालताना पायातील चप्पल निसटली तरी कळत नसे. मागून कोणीतरी हाक मारून सांगे. एकदा ओपीडीच्या पायरीवर आम्ही पडलो. जुना मधुमेह, उतरते वय, असे समाधान करून घेतले. त्याच सुमारास गुडघा दुखतो म्हणून आपल्याच ओपीडीतून वेदनाशामक गोळ्या घेतल्या. गॅस्ट्रिक बायपासनंतर अशा अनेक गोळ्यांनी जोडणीच्या जागी व्रण होऊ शकतो, म्हणून त्या वर्ज्य आहेत. डॉक्टरांचा यात दोष नव्हता. केसपेपरवरील ‘पूर्वी झालेल्या शस्त्रक्रिया’ हा रकाना आम्ही स्वहस्ते कोरा ठेवला होता.

अखेर आमच्या फिजिशियन महोदयांनी पोटावरील दुर्बिणीच्या छेदांच्या खुणा पाहिल्या आणि सरळ प्रश्न केला. रक्ततपासणीत ब-१२ जीवनसत्त्व अत्यंत कमी निघाले.

यामागील शास्त्र त्यांनी समजाविले, ते आमच्या व्यवसायाच्या भाषेत चटकन कळले. अन्नातील ब-१२ सुटे होण्यास जठरातील आम्ल लागते आणि ते शोषले जाण्यास जठरातच तयार होणारे एक प्रथिन लागते. बायपासनंतर अन्नाची या दोहोंशी नीट गाठच पडत नाही. तथापि यकृतात ब-१२ची जुनी शिल्लक असते आणि ती वर्षा-दोन वर्षांहूनही अधिक पुरू शकते. शाकाहारी माणसाची ही शिल्लक बहुधा आधीच बेताची असते. म्हणजे आवक बंद झालेली पेढी गंगाजळीवर चालू राहावी आणि बाहेरून सर्व काही भरभराटीचे दिसावे, तसा हा प्रकार. पेढी बसते तेव्हा मज्जातंतूंना इजा झालेली असते. लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांचेही थोडेफार असेच. म्हणून गोळ्या आणि वर्षातून किमान एकदा रक्ततपासणी या दोन गोष्टी आजन्म आहेत. बरे वाटणे हा त्या सोडण्याचा आधार होत नाही.

इंजेक्शनांनी चालणे सुधारले. डाव्या पायाच्या बोटांतील बधिरपणा मात्र कायम राहिला आहे.

बरे झाल्यावर आम्ही आपल्या रुग्णालयाची दप्तरे वेगळ्या दृष्टीने पाहिली. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया होत नाही. परंतु पुण्या-मुंबईस जाऊन ती करवून आलेले लोक सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत राहतात आणि ताप-खोकल्यासाठी आपल्याच ओपीडीत येतात. त्यांची नोंद कोठेही नाही. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार आपण १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखतो, बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतो. हा हिशेब चोख आहे. पण तो खाटांचा व बिलांचा आहे. घरी गेलेल्या रुग्णाला त्यात रकाना नाही. देणगीदारांच्या पावत्यांवरही ‘शस्त्रक्रिया साहाय्य’ हे शीर्षक आढळते, ‘शस्त्रक्रियेनंतरची तपासणी’ हे एकदाही आढळले नाही. यात देणगीदारांचा काय दोष? आम्हीच ते शीर्षक कधी छापले नव्हते.

अलीकडे भूक आवरणारी इंजेक्शने भारतात आली आहेत. २०२५ मध्ये अशी काही औषधे बाजारात दाखल झाली. त्यामुळे शस्त्रक्रियेचे दिवस संपले का, असे नातेवाईक विचारतात. उत्तर देणे आमच्या अधिकारात नाही. एवढे खरे की, तीही मध्येच सोडल्यास वजन बहुधा पुन्हा वाढते. पाठपुराव्यातून तेथेही सुटका नाही.

विश्वस्त मंडळापुढे आम्ही दोन गोष्टी ठेवल्या आहेत. पहिली, देणगीच्या पावतीवर पाठपुरावा निधीचे स्वतंत्र शीर्षक असावे. त्यातून गरजू रुग्णांची वार्षिक रक्ततपासणी, मग शस्त्रक्रिया कोठेही झालेली असो, आपल्या प्रयोगशाळेत सवलतीने व्हावी. दुसरी, एक पाठपुरावा वही असावी आणि तारीख चुकलेल्या रुग्णास दूरध्वनी करण्याचे काम एका परिचारिकेकडे नेमून द्यावे. वहीत रुग्णाच्या क्रमांकाशेजारी घरातील आणखी एका व्यक्तीचा क्रमांक घेण्याची सूचना आमच्या बहिणीची आहे.

रुग्णांच्या कुटुंबीयांना विनंती एवढीच की, आपल्या घरी कोणावर अशी शस्त्रक्रिया झालेली असल्यास त्यांचे डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे आणि कोणत्याही आजारासाठी ओपीडीत येताना ते सोबत आणून शस्त्रक्रियेचा प्रकार व वर्ष केसपेपरवर लिहून घ्यावे. नोंदणी खिडकीवर हे सर्वांसमक्ष सांगण्याचा संकोच वाटत असल्यास चिठ्ठीवर लिहून दिले तरी चालेल. कर्मचाऱ्यांना तशी सूचना दिलेली आहे.