आधी दोरीचा ब्रेक, मग रिक्षा

वसई

चि. भाच्यास,


शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला स्टर्लिंग इंजिनावर चालणारी रिक्षा करायची, असं तुम्हा चौघा मित्रांचं ठरलंय, हे ताईकडून कळलं. स्टर्लिंगवर गाडी चालवायची कल्पना वेडी म्हणता येणार नाही. फिलिप्स, जनरल मोटर्स, फोर्ड आणि खुद्द नासाने ती करून पाहिली आहे. म्हणूनच वालीवच्या गाळ्यात जुन्या रिक्षाची चॅसिस आणून टाकण्याआधी त्या मंडळींचं घोडं नेमकं कुठे पेंड खात होतं, ते समजून घे.

इंजिन तसं जुनंच. रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश पाद्र्याने 1816 साली त्याचं पेटंट घेतलं. आत कोंडलेली हवा एका टोकाला तापून फुगते, पिस्टन ढकलते आणि दुसऱ्या टोकाला थंड होऊन आकसते. इंधन बाहेर जळतं, त्यामुळे रॉकेल, लाकूड, भाताचं तूस, काहीही चालतं. 1980 च्या दशकात बांगलादेशात तुसावर चालणारं असं इंजिन बनवण्याचा प्रयोग झाला होता. वाड्याच्या भातगिरण्यांमागचे तुसाचे ढीग पाहिलेल्या माणसाला त्यामागचा मोह समजावून सांगायला नको. पण स्टर्लिंगची खरी करामत रिजनरेटरमध्ये आहे. गरम हवा थंड बाजूला जाताना वाटेतल्या जाळीत आपली उष्णता ठेवते आणि परतताना तीच उचलते. ही जाळी नीट नसेल तर बाकी सगळी कारागिरी फुकट.

रस्त्यावर हे इंजिन आणण्याचा खरा जोर 1970 च्या दशकात आला. 1973 मध्ये तेलाचे भाव भडकले होते आणि अमेरिकेत धुराचे नियमही कडक होत होते. फोर्डने 1972 मध्ये फिलिप्सशी करार केला, टोरिनो गाडीत 170 अश्वशक्तीचं इंजिन बसवलं आणि 1978 मध्ये अंग काढून घेतलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने नासाच्या लुईस केंद्राच्या देखरेखीखाली मोठा कार्यक्रम सुरू केला. न्यूयॉर्क राज्यातल्या मेकॅनिकल टेक्नॉलॉजी या कंपनीने स्वीडनच्या युनायटेड स्टर्लिंगच्या मदतीने आधी ‘मॉड-1’ आणि मग ‘मॉड-2’ इंजिन घडवलं. शेवरोले सेलिब्रिटी गाडीत बसलेल्या मॉड-2 ची सर्वोच्च कार्यक्षमता होती 38.5 टक्के. त्या काळच्या पेट्रोल गाड्यांना हा आकडा स्वप्नातही दिसत नव्हता.

मग अडलं कुठे? ॲक्सिलरेटरवर. पेट्रोल इंजिनात पाय दाबला की त्याच क्षणी जास्त इंधन जळतं. स्टर्लिंगमध्ये ज्योत मोठी केली तरी आधी धातू तापायला हवा, आणि बारीक केली तरी तापलेला धातू ढकलतच राहतो. म्हणून ताकद कमीजास्त करायला आतल्या वायूचा दाबच बदलावा लागतो. त्यासाठी बाटली आली, कॉम्प्रेसर आला, झडपा आल्या. तो वायू म्हणजे हायड्रोजन, दाब वातावरणाच्या दीडशेपट, आणि इंजिनाचं गरम टोक 820 अंशांवर. हायड्रोजन पिस्टनरॉडच्या सीलमधून तर निसटतोच, तापलेल्या धातूतूनही झिरपतो. रेडिएटर मोठा लागतो, कारण पेट्रोल गाडी जी उष्णता सायलेन्सरमधून फेकते, तिच्यातली बरीचशी इथे पाण्यालाच न्यावी लागते. त्यात 1986 मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि महागड्या इंजिनाची गरजच कोणाला उरली नाही. तीच विद्या स्वीडनच्या गोटलँड जातीच्या पाणबुड्यांत मात्र सुखाने नांदली: एकाच वेगाने, आवाज न करता चालायचं आणि थंड करायला भोवती समुद्र!

आता आपल्या रस्त्याचं बघ. पुण्याच्या एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेने घडवलेल्या भारतीय चाचणीचक्रात एक फेरी 108 सेकंदांची असते: थांबा, निघा, वेग घ्या, ब्रेक मारा, पुन्हा थांबा. सहा फेऱ्यांचा सरासरी वेग ताशी 22 किलोमीटरच्या आसपास. नवघर ते गोखिवरे संध्याकाळी सहाला रिक्षाने गेलास तर हे चक्र वेगळं समजावून घ्यावं लागणार नाही. स्टर्लिंगला न मानवणारी प्रत्येक गोष्ट त्यात ठासून भरली आहे. चाकाला थेट इंजिन जोडायचा हट्ट त्यामुळे सोड. वाहनातच वापरायचं असेल तर चाकं बॅटरीवर आणि स्टर्लिंग फक्त एका वेगाने बॅटरी भरायला. अमेरिकन संशोधक डीन केमनच्या डेका कंपनीने 2008 मध्ये एका छोट्या विजेच्या गाडीवर हेच करून दाखवलं.

तुमच्या हातात आहे ते लहान इंजिन आणि त्याची चोख चाचणी. इंजिनाची ताकद मोजायचा कॉलेजच्या लॅबमधला दोरीचा ब्रेक कमी लेखू नकोस. 20 सेंटिमीटर व्यासाच्या फ्लायव्हीलवर दोरी घेतली, दोन्ही स्प्रिंगकाट्यांतला फरक 200 ग्रॅम आला आणि फेरे मिनिटाला 600 असले, तर हाती आले जेमतेम 12 वॅट. एक एलईडी दिवा! हे गणित एकदा केलं की रिक्षाचं बोलणं आपोआप जमिनीवर येतं.

गॅसच्या शेगडीवर तापवाल तर किती उष्णता आत गेली आणि किती हवेत उडाली, कळणार नाही. नायक्रोमच्या तारेचा हिटर गुंडाळा; व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की आत दिलेली शक्ती मिळाली. गरम आणि थंड टोकाला एकेक थर्मोकपल लावा. सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडा दिसला तिथे गळती. मग सुधारणा, पण एका वेळी एकच: आधी रिजनरेटरची जाळी घालून आणि काढून रीडिंग घ्या, नंतर इंजिनातली वाया जाणारी पोकळी कमी करा, नंतर पिस्टनचं घर्षण. दोन गोष्टी एकदम बदलल्या की फायदा कशामुळे झाला, यावर नुसते वाद.

आणि एक सक्त ताकीद. दाब वाढवायचा असेल तर सरांना विचारल्याशिवाय नको, आणि हायड्रोजनला तर हातच लावू नका. दाबाखालची गरम हवा आणि तेलाची वाफ एकत्र आली तरी स्फोट होऊ शकतो. नायट्रोजन वापरा.

चॅसिसचे पैसे तूर्त राखून ठेवा. तेवढ्यात हिटर, थर्मोकपल, दोन स्प्रिंगकाटे आणि फेरे मोजायचं यंत्र आरामात येईल. सातिवलीत लेथवर सिलिंडर करून घ्याल तेव्हा बोअरचं माप मायक्रोमीटरने स्वतः तपासा, कारागिराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. पहिली दहा रीडिंग झाली की वहीच्या पानांचे फोटो पाठव.

तुझा,
मामा