लगेच गुण येतो, तिथेच गफलत होते

शिरूर काय किंवा दौंड काय, मेडिकलवर कोपर पुढे करून ‘खाज येते, काहीतरी द्या’ म्हटलं की अनेकदा हातात एक छोटी ट्यूब पडते. तिच्यात क्लोबेटॅसॉलसारखं जहाल स्टिरॉइड असतं, जोडीला बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक. चार दिवसांत खाज थांबते, खपल्या गळतात, गुण आला असं वाटतं. माझा आक्षेप या गुण येण्यालाच आहे. ती खाज सोरायसिसची असेल, तर सोरायसिस हा जंतूंचा आजार नव्हे, तो शिवल्याने लागतही नाही. शरीराची प्रतिकारशक्ती बिथरते आणि एरवी महिनाभरात वर येणाऱ्या त्वचेच्या पेशी काही दिवसांतच वर येऊन थर साचतात. स्टिरॉइड यातला दाह दाबतं, मूळ कारण मिटवत नाही. महिनोन्‌महिने चोळलं तर कातडी पातळ होते, आणि एकदम बंद केलं तर आजार दुपटीने उसळू शकतो. क्वचित सगळं अंग लाल होऊन किंवा पुवाचे फोड येऊन दवाखान्यात दाखल व्हावं लागतं. त्यातून तो सोरायसिस नसून गजकर्ण निघालं, तर बुरशीला रान मोकळं. २०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली. कागदावर तरी.

मग चिठ्ठीशिवाय घेण्याजोगं काय? साधं, स्वस्त आणि सावकाश काम करणारं. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल, जाड खपल्यांवर युरियाचं क्रीम किंवा कमी प्रमाणातलं सॅलिसिलिक अॅसिड (लहान मुलांना आणि गरोदरपणी डॉक्टरांना विचारूनच), डोक्यासाठी कोल टारचा शाम्पू. टारने कपडे डागाळतात आणि कातडीला ऊन लवकर बाधतं, म्हणून अंगाला लावायचं टारचं मलम रात्रीच बरं. शिरूर-दौंड या दोन्ही तालुक्यांत आणखी एक गोष्ट महत्त्वाची. उसाच्या पात्याने अंगावर ओरखडे उठतात, आणि सोरायसिस असलेल्याला ओरखडा उठला तिथेच पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत नवा चट्टा येऊ शकतो. उसात शिरताना पूर्ण बाह्यांचा सदरा हेसुद्धा औषधच समजा. खपल्या नखाने किंवा दगडाने खरवडणं त्याच कारणाने वाईट.

यावर कोणी म्हणेल, त्वचेचे डॉक्टरसुद्धा स्टिरॉइडच लिहून देतात की. देतात; पण कुठल्या जागी, किती आठवडे आणि कमी कसं करत आणायचं हे ठरवून. जांघेत आणि चेहऱ्यावर जहाल मलम ते सहसा देत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: पुण्याच्या ससून रुग्णालयात जायचं म्हणजे दिवसाचा रोज बुडतो. मान्य. पण निदान एकदाच नीट करून घेतलं तर पुढचा बराच सांभाळ घरीच होतो, आणि वर्षभर ट्यूबवर जाणारा पैसाही काही थोडा नसतो. उलट घटकांची नावं न छापलेल्या पुड्या ‘जडीबुटी’ म्हणून घेणं हा सगळ्यात महाग सौदा, कारण आत स्टिरॉइडच असलं तरी कळायला मार्ग नाही. सकाळी बोटं किंवा टाचा आखडत असतील तर मात्र मलमांत वेळ घालवू नका. सोरायसिस सांध्यांतही उतरतो आणि तिथली झीज भरून येत नाही. डॉक्टरकडे जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या.