गरोदरपणातली साखर : दर्यावर्दी घरांनी वाचायचा धडा

आज जाळी, डिझेल, बर्फ बाजूला ठेवूया. घरात कोणी गरोदर असेल तर हे शेवटपर्यंत वाचा, आणि बोटीवर जाणाऱ्यांनी तर नक्कीच वाचा.

🔹 ही साखर येते कुठून?
गरोदरपणात वारेतून काही संप्रेरकं तयार होतात. त्यांच्यामुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचं काम मंदावतं, आणि काही जणींची साखर वाढते. यात तिचा दोष नाही. "गोड खाल्लंस म्हणून झालं" असं कोणी तिला ऐकवू नये. आईची साखर वारेतून बाळापर्यंत जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःच जास्त इन्सुलिन बनवतं, त्याचं वजन वाढतं, बाळंतपण अवघड होतं. जन्मल्यावर आईकडून येणारी साखर थांबते आणि बाळाची साखर एकदम खाली जाऊ शकते. म्हणून पहिल्या तासातच अंगावर पाजायचं.

🔹 तपासणी
पहिल्या तपासणीलाच एकदा, आणि ती ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायला देतात आणि २ तासांनी रक्त तपासतात. उपाशी जायची गरज नाही. १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. बहुतेक वेळा काही त्रास जाणवतच नाही, तेव्हा "मला काय झालंय?" म्हणून तपासणी टाळू नका.

🔹 ताटात काय?
मासळी बंद करायची नाही! बांगडा, तारली खुशाल खा, तळण्यापेक्षा हुमणात किंवा तव्यावर कमी तेलात. मोरी, इसवण असे मोठे मासे कमी, कारण त्यांच्यात पारा जास्त साठतो. सुकी मासळी खारट, तीही बेताने. अर्धं ताट भाजी, पाव ताट मासळी किंवा डाळ, पाव ताट भात. उकडा तांदूळ असला तरी तो भातच, डोंगर नको.

पहाटे पाटी घेऊन बाजारात जाणाऱ्या बायांची खरी अडचण वेगळी : सकाळी चहा-बिस्किट आणि थेट दुपारी जेवण. असं नको. भाकरी-भाजी किंवा उकडलेलं अंडं डब्यात न्या, दर २-३ तासांनी थोडं खा. डॉक्टरांची हरकत नसेल तर रोज अर्धा तास चाला.

🔹 इन्सुलिन लागलं तर?
२ आठवडे आहार सांभाळूनही जेवणानंतर २ तासांची साखर १२० च्या खाली येत नसेल, तर डॉक्टर गोळी किंवा इन्सुलिन सुरू करतात. "एकदा सुई लागली की जन्माची लागली" हे खरं नाही. बहुतेकींचं बाळंतपणानंतर बंद होतं.

आपल्या घरांसाठी खास : इन्सुलिनची बाटली मासळीच्या बर्फात ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं समजा. फ्रिजच्या दारात ठेवा. फ्रिज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पाण्याच्या मातीच्या मडक्यात ठेवा.

हातपाय थरथरले, घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर साखर उतरली असेल. ग्लासभर पाण्यात ३ चमचे ग्लुकोज लगेच द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बरं वाटलं नाही तर दवाखाना गाठा. बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट पाहू नका.

🔹 बाळंतपणानंतर
इथेच सगळ्या चुकतात. बाळाच्या लसीला जातात, स्वतःची तपासणी राहते. ६ आठवड्यांनी साखरेची तपासणी पुन्हा करायची, आणि नंतर दर वर्षी. कारण पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका या बायांना जास्त असतो. आधीपासून मधुमेह असून इन्सुलिन घेणाऱ्या आईची साखर रात्री पाजताना उतरू शकते. उशाशी खाऊ आणि ग्लुकोज ठेवा.

🔹 मदत कुठे?
दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर बायांची मोफत तपासणी होते. घरबसल्या डॉक्टरांशी बोलायला 'ई-संजीवनी' ही सरकारी मोफत सोय आहे. साखरेची वही समोर ठेवून बोला. पण कोणाच्या मेसेजवरून इन्सुलिनचा डोस वाढवू-कमी करू नका.

शेवटचं, बोटवाल्या भावांनो : तुम्ही आठ-आठ दिवस दर्यात. निघण्यापूर्वी घरात ग्लुकोजचा पुडा, औषध, दवाखान्याचा नंबर आणि रात्री गाडी कोण नेणार, एवढं ठरवून जा. डिझेल भरल्याशिवाय बोट सोडत नाही, तसंच हे.

ज्यांच्या घरी गरज आहे त्यांना पाठवा. 🙏