पाण्यातच करून देतो म्हणणारे

हैदराबादच्या हुसेन सागरावर ‘होडी वर काढायची गरज नाही, पाण्यातच साफ करून देतो’ असं सांगणारा कुणी भेटला, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमच्या कंत्राटदाराचं नाव मी इथे लिहीत नाही. पण तो अजून त्याच काठावर गिऱ्हाइकं शोधत फिरतो, आणि आमच्या होडीचं ‘काम’ केल्याचंही सांगतो, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

लेझर, ऑप्टिमिस्ट अशा हलक्या होड्यांना हा त्रास नसतो. त्या शर्यत संपली की काठावर ओढून धुऊन ठेवतात. आमची चौघांची शिडाची होडी फायबरची, खाली जड कील असलेली. क्रेनशिवाय ती वर येत नाही, म्हणून कायम बोयाला बांधलेली. आणि या तलावात कायम राहायचं म्हणजे कुकटपल्ली, पिकेट, बंजारा आणि बालकापूर या चार नाल्यांच्या पाण्यात राहायचं. 1562 च्या सुमारास इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळात बांधलेल्या या तलावाचं पाणी शहर एके काळी पीत होतं, हे आज कुणाला पटणार नाही. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ पोसतं. मार्चनंतर ऊन चढलं की होडीच्या पाणरेषेला हिरवी दाढीच फुटते. दिसायला हा थर मऊ आणि निरुपद्रवी, पण तेवढ्यानेही होडी जड चालते, सुकाणू सुस्त होतं. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा हाच इथला शिडाचा खरा हंगाम, आणि त्याआधी तळ स्वच्छ हवा होता.

मी दापोलीकडचा. कोकणात ओहोटीला होडी चिखलावर टेकते, माणसं तळ घासून घेतात आणि भरती आली की होडी आपोआप तरंगते. इथे भरती-ओहोटी नाही. त्यामुळे क्रेनचा खर्च वाचवणारा माणूस देवासारखा वाटतो.

‘कुछ नै होता साब, पानी में च कर देतूं,’ हे त्याचं पहिलं वाक्य. मी त्याला चौघांसमोर बजावलं होतं, की खालचा निळा रंग मऊ जातीचा आहे, त्यात तांबं आहे, तो हळूहळू झिजावा म्हणूनच बनवलेला असतो. फक्त फडक्याने पुसायचं, खरवडायचं नाही. त्याने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मी काठावर पोचलो, तर त्याचा पोरगा छातीभर पाण्यात उभा राहून तारेच्या ब्रशने तळ घासत होता आणि होडीभोवतीचं हिरवं पाणी निळं झालं होतं. माझ्या पोटात गोळा आला. होडीवरचं शेवाळ हिरवं होतं, निळं नव्हे. तो आमचा रंग होता, तांब्यासकट तलावात चाललेला. पाणरेषेवर तर त्याने संडास साफ करायचं ॲसिड चोळलेलं. वास नाकात बसत होता.

मी ओरडलो तेव्हा तो म्हणाला, ‘पेंटच कमजोर था साब.’ हे वाक्य मी विसरणार नाही. आधीचे फोटो दाखवले, तर म्हणाला फोटोत सगळंच चांगलं दिसतं. उरलेले पैसे मागायला मात्र तो संध्याकाळी न चुकता हजर. शेवटी क्रेन लावावीच लागली. तळावर ब्रशचे ओरखडे थेट जेलकोटपर्यंत, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थरापर्यंत गेले होते आणि पाणरेषेवरची चकाकी पार उडालेली. जेलकोट चिरला की आतल्या फायबरमध्ये ओल शिरते आणि पुढे फोड येतात. गोड्या पाण्यात हे खाऱ्यापेक्षा लवकर होतं.

आता जे करायचं ते सांगतो. अंगठ्याने घासून शेवाळ निघत असेल, तरच पाण्यात साफ करा. निघत नसेल तर क्रेन, दुसरा मार्ग नाही. पाण्यात करताना जुन्या गालिच्याची लांब पट्टी घ्या, दोन्ही टोकांना दोर बांधा, होडीच्या पुढून खाली सरकवा आणि दोन्ही बाजूंनी दोघांनी आळीपाळीने ओढा. कीलपर्यंतचा भाग असा निघतो, मग मागच्या बाजूने तेच. पाणरेषेसाठी तीन-चार माणसं एका कडेला बसवून होडी कलती करा आणि वर आलेली बाजू लहान नावेतून लांब दांड्याच्या मऊ ब्रशने पुसा. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला केलं, तर थर घट्ट होतच नाही.

पाण्यात कुणालाही उतरवू नका. निळ्या-हिरव्या शेवाळातलं विष कातडीला आणि यकृताला बाधतं, त्यात वर नाल्यांचं पाणी. त्या पोराला हातमोजेही दिले नव्हते, याचा मला रंगापेक्षा जास्त राग आहे. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र तर कधीच वापरू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

होडी क्रेनने काढलीच, तर ओली असतानाच धुवा. शेवाळ वाळलं की सिमेंटसारखं चिकटतं. धुतलेलं पाणी परत तलावात सोडू नका. तळाच्या रंगातलं विष पाण्यात किती घात करतं, हे फ्रान्सच्या आर्काशों खाडीतल्या कालवांनी दाखवून दिलं. 1982 साली तिथल्या सरकारला लहान होड्यांसाठी कथिलयुक्त रंगावर बंदी घालावी लागली. तांबं तितकं जहाल नसलं, तरी माशांना ते विषच.

बाकी नेहमीचंच: बोलणं कागदावर घ्या, आगाऊ पैसे कमी द्या, काम चालू असताना स्वतः उभे राहा.

आणि ज्यांनी गेल्या एक-दोन उन्हाळ्यांत याच काठावर पाण्यातल्या पाण्यात होडी साफ करून घेतली आहे, त्यांनी या हंगामाआधी ती एकदा क्रेनने उचलून तळ स्वतःच्या हाताने तपासावा.