टिपेश्वरचा वाघ आणि एआय

प्रश्न : टिपेश्वर अभयारण्यातल्या वाघांची डिजिटल चित्रे मी इन्स्टाग्रामवर टाकते. एआयने माझी शैली उचलू नये म्हणून काय करू?
– एक वाचक, पांढरकवडा

उत्तर : शिकागो विद्यापीठाचे ‘ग्लेझ’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. २०२३ मध्ये आलेले हे साधन पिक्सेलमध्ये डोळ्यांना जेमतेम जाणवणारे बदल करते. त्यामुळे एआयला तुमची शैली भलतीच दिसते. सपाट रंगांत ते बदल जरा उठून दिसतात, तेवढे चालवून घ्या. पण हे कवच अभेद्य नाही. २०२५ मध्ये संशोधकांनी ते उतरवूनही दाखवले. म्हणून मोठ्या आकाराची फाइल टाकूच नका. कोपऱ्यातल्या सहीवर माझा फारसा भरवसा नाही, ती सहज पुसली जाते. १९५७ च्या कायद्यानुसार कॉपीराइट चित्र काढताच मिळतो, पण चित्राला, शैलीला नव्हे. लेयर असलेल्या मूळ फायली तारखेसह जपा, वाद झाल्यास त्याच पुरावा ठरतात.