आधी पश्चिमेची सावली

गोंदिया

चि. राणी,

आमगावच्या घराचे नकाशे मिळाले. तुझ्या आईने लगेच फोन करून विचारलं, कसे वाटले म्हणून. मी म्हटलं, पोरीचा हात चांगला आहे, पण नकाशात मे महिना दिसत नाही. हे तिच्याकडून तिखटमीठ लागून तुझ्यापर्यंत पोचण्याआधी मीच सविस्तर लिहितो.

नकाशाला तू दोन घरांचे फोटो जोडलेस, ते बरं केलंस. इंदूरचं माणिकबाग आणि अहमदाबादचं मनोरमा साराभाईंचं घर. दोन्ही तुला 'आधुनिक' म्हणून आवडतात, पण उन्हाशी त्यांची वागणूक अगदी वेगळी आहे, आणि तू चेहरा पहिल्याचा घेतलास.

माणिकबाग यशवंतराव होळकरांनी 1930 ते 33 या काळात बांधवून घेतलं. वास्तुकार बर्लिनचा एकार्ट मुथेसियस. राजा आणि वास्तुकार, दोघंही तेव्हा पंचविशीच्या आसपासचे. आपल्या मराठी राजघराण्यातल्या एका तरुणाने त्या काळात कमानी, घुमट, नक्षी सगळं बाजूला सारून सरळ रेषांचं घर मागितलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. सामान जर्मनीत घडवून बोटीने आणलं, खुर्च्या आयलीन ग्रे आणि ल कॉर्बुझिएच्या. शिल्पकार ब्रांकुसीचे आकाशात झेपावणारे पक्षी होळकरांनी घेतले आणि त्या शिल्पांसाठी बागेत एक ध्यानमंदिरही योजलं होतं, ते मात्र झालं नाही. पण माळव्यातल्या उन्हाळ्याला त्या घराचं उत्तर काय होतं? यंत्र. देशातल्या अगदी पहिल्या वातानुकूलित घरांत त्याची गणना होते. होळकरांचा खजिना होता, त्यांनी थंडावा विकत घेतला. पुढे 1980 मध्ये आतल्या वस्तूंचा मोनाकोत लिलाव झाला. आता त्या वास्तूत केंद्रीय कर खात्याची कचेरी आहे.

साराभाईंच्या घरात ल कॉर्बुझिएने दुसरी वाट धरली. 1951 ते 55 चं काम. एकमेकींना समांतर विटांच्या भिंती, त्यांवर बुटक्या कमानदार छपरांचे पट्टे, आणि त्या पट्ट्यांची तोंडं वाऱ्याच्या दिशेला. काच आहे, पण खोल व्हरांड्याच्या आत सरकवलेली. छपरावर माती घालून हिरवळ लावली आहे, म्हणजे ऊन पहिल्यांदा गवताला लागतं, स्लॅबला नंतर. छपरावरून मुलांना थेट पोहण्याच्या हौदात उतरता यावं म्हणून काँक्रीटची घसरगुंडीही आहे. (तुझ्या बाबांना हे सांगू नकोस, ते लगेच खर्च विचारतील.) भोवती इतकी दाट झाडी की बाहेरून घर नीट दिसतही नाही. ती झाडी काढून टाक, घर भट्टी होईल.

आता आपलं बघ. गोंदिया-आमगाव साडेएकवीस अक्षांशाजवळ. मेच्या शेवटच्या आठवड्यात, नवतप्यातच, भरदुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. म्हणजे सगळ्यात जास्त मार छपराला, मग सकाळी पूर्वेच्या आणि दुपारी पश्चिमेच्या भिंतीला. दक्षिणेला दोन फुटांचा छज्जा पुरतो, आणि डिसेंबरात तिथूनच कोवळं ऊन आत येतं. तू दक्षिणेची भिंत बंद केलीस आणि पश्चिमेला वीस फूट काच दिलीस. का दिलीस तेही समजलं मला, मालगुजारी तलाव त्याच बाजूला आहे. तलाव दिसायलाच हवा. पण काचेऐवजी छपरी दे, चांगली दहा फूट खोल, वळचण सात फुटांवर. हिशोब करून पाहिला. मे महिन्यात चार वाजता ऊन आतल्या भिंतीच्या पायथ्याशी येतं आणि पाचला तीन फूट वर चढतं. तेवढ्या दीड-दोन तासांसाठी बांबूच्या चटया सोडाव्या लागतील, आणि त्याही पुढे झाडं उभी हवीत.

झाडांपाशीच मला खरं अडखळायला झालं. पश्चिमेला तू पळस आणि साग दाखवलेस. दिसायला उत्तम, पण ऐन उन्हाळ्याच्या तोंडी पळसावर फुलं असतात, पानं नसतात, आणि साग पावसाळ्यापर्यंत खराटा. मोहही उन्हाळ्याच्या तोंडी उघडाच. सावली हवी तर करंज आणि कडुनिंब. दोन्ही पानं गाळतात, पण मेच्या तडाख्याआधी नव्या पालवीने भरून जातात. भिंतीपासून वीस फूट लांब लाव. वड-पिंपळाचं रोप आपणहून उगवलं तरी लगेच काढ, मुळं घराच्या पायात शिरतात. आणि झाडं याच पावसाळ्यात लाव, पाया खोदायच्या आधी. घर वर्षभरात उभं राहील, करंजाला डोक्यावर यायला पाच-सहा वर्षं लागतील. मुरूम-गिट्टीचे ट्रक कुठून येणार ते आधी ठरवून रोपांना पक्कं कुंपण कर, नाहीतर मिस्त्री पहिल्याच दिवशी त्यांवर रेती पाडेल.

छपरावर साराभाईंसारखी माती घालायचा मोह होईल. सहा इंच ओली माती एका चौरस मीटरला पावणेतीनशे किलोच्या आसपास भरते, तेवढं वजन धरून स्लॅब काढावा लागेल. शिवाय आपला पाऊस अहमदाबादच्या पावसाच्या कितीतरी पुढचा. एकदा पाणी झिरपायला लागलं की मातीखाली भेग कुठे आहे ते सापडत नाही. त्यापेक्षा खोल्यांच्या स्लॅबवर तुटक्या पांढऱ्या चिनी टाइल्सचा कोबा कर आणि छपरीवर उतरतं कवेलू. कवेलू म्हणजे जुनाट, असं तुझ्या वर्गात कोणी म्हणालं तर त्याला चार्ल्स कोरियांचं साबरमतीचं गांधी संग्रहालय दाखव. 1963 मध्ये पुरं झालं, कौलारू छपरं, खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा. त्याहून आधुनिक इमारत देशात थोडीच आहे. अडचण वानरांची. गावोगावी लोकांनी कवेलू काढून टिन टाकले ते त्यांच्याच त्रासाने. म्हणून हाताचं अर्धगोल कवेलू नको, मंगलोरी कौल घे आणि तारेने बांधून घे.

कुलरची जागाही नकाशात दाखव. तो सावलीकडून हवा ओढेल असा उत्तर भिंतीत, आणि समोरच्या बाजूला हवा निघायला खिडकी हवीच. खिडकी नसेल तर खोलीत नुसता दमटपणा साचतो.

परसातल्या सांदवाडीत तू लॉन काढलंस आणि त्यात चौकोनी फरशा. धान निघाल्यावर तुझी आजी ते कुठे वाळवणार? मागचं आंगण सारवायला मोकळं ठेव. न्हाणीचं पाणी उताराने केळी-अळूकडे जाऊ दे, विहिरीजवळ मुनगा आणि सीताफळ असू दे. कोहळी समाजाने इकडचे तलाव बांधले ते जमिनीचा उतार वाचून. तूही एक जोरदार पाऊस प्लॉटवर छत्री घेऊन उभी राहून पाहा, पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं ते लिहून काढ. माती कुठली आहे तेही खड्डा घेऊन बघ. वरून रेताड सिहार दिसली तरी खाली काळी चिकण कन्हार लागली तर ती फुगते आणि आकसते, पायाचा विचार बदलावा लागेल.

मेअखेरीस येशील तेव्हा प्लॉटवर एक बांबू रोव आणि सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजताच्या सावल्या चुन्याने आखून घे. पुढचा नकाशा त्यानंतरच काढ. आणि बाबांना सांग, विहिरीतला गाळ आत्ताच उपसून घ्या, बांधकामाला पाणी तिथूनच लागणार आहे.

तुझा
मामा