थोडे, पण नित्य



शव्वालचा चंद्र दिसला की मशिदीतील ओळी विरळ होऊ लागतात. रमजानमध्ये केलेले संकल्प खोटे नसतात. बहुधा ते आपल्या शक्तीपेक्षा मोठे असतात. मदरशातून बाहेर पडल्यावर मीही रोज एक पारा पठण करण्याचा निश्चय केला होता. तो महिनाभरही टिकला नाही. एक दिवस चुकला, मग दुसरा. पुढे शरमेमुळे कुरआन उघडणेच लांबत गेले.

अशा वेळी हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांचे उदाहरण आठवावे. तारुण्यात ते रोज रोजा ठेवीत आणि दर रात्री संपूर्ण कुरआन पठण करीत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना शरीराच्या व पत्नीच्या हक्काची जाणीव करून दिली आणि महिन्यात तीन रोजे व एक कुरआन पुरेसे असल्याचे सांगितले. त्यांनी अधिकाची परवानगी मागितली. अखेर एक दिवसाआड रोजा आणि सात दिवसांत कुरआन असे ठरले.

वार्धक्यात मात्र, ती सवलत स्वीकारली असती तर बरे झाले असते, असे त्यांना वाटू लागले. तरीही त्यांनी नेम सोडला नाही. रात्री म्हणावयाचा सातवा भाग ते दिवसा घरच्यांना ऐकवीत, म्हणजे रात्र सोपी होई. अशक्तपणा आला की काही दिवस रोजे सोडीत, ते मोजून ठेवीत आणि नंतर भरून काढीत.

यात दोन धडे आहेत. संकल्प करताना आपल्या थकलेल्या दिवसाचा विचार करावा. आणि खंड पडला तर हिशेब ठेवून तो भरून काढावा. अल्लाहला नित्य केलेले कर्म, ते थोडे असले तरी, अधिक प्रिय आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण याच वाटेने नेते.

६०४ पानांचा कुरआन प्रत्येक फर्ज नमाजनंतर एक पान वाचल्यास सुमारे चार महिन्यांत पूर्ण होतो. तेही जड वाटत असेल, तर केवळ फज्रनंतरचे एक पान ठरवा. वेळ नमाजला बांधलेली असली की आठवण वेगळी ठेवावी लागत नाही. चुकलेले पान कागदावर टिपा आणि झोपण्यापूर्वी स्वतःचा मुहासबा करा.

'इन्शाअल्लाह' म्हणणे ही टाळाटाळ नव्हे. प्रयत्न आपला व पूर्तता अल्लाहची, अशी ती कबुली आहे. आज इशानंतर आपले पान निश्चित करा. उद्याच्या फज्रला ते उघडा.